फिश टँकमध्ये मीठ टाकायचंय? आधी लिटर मोजा

मागच्या डिसेंबरात, नाशिकची थंडी अगदी भरात होती तेव्हा, आमच्या सिडकोतल्या बिल्डिंगमधला वरच्या मजल्यावरचा मुलगा सकाळी सकाळी दार वाजवून म्हणाला, काका, माशांवर रवा सांडलाय. वर जाऊन बघितलं तर दोन फुटी टाकी, त्यात सहा मोली, चार निऑन टेट्रा, काचेला चिकटून राहणारा एक सकर, आणि मोलींच्या शेपटीवर, परांवर खरंच बारीक रव्यासारखे पांढरे दाणे. त्याच्या आईने मासे घेतले त्या दुकानात फोन करून विचारलं होतं, तिकडून सांगितलं मूठभर खडे मीठ टाका ताई, होतील बरे. त्यांनी लगेच टाकलं. खडे अजून तळाशी तसेच पडलेले दिसत होते आणि सकर त्यांच्यावरच पोट टेकून बसलेला.

मी पहिला प्रश्न विचारला, वहिनी, टाकीत पाणी किती लिटर आहे? कोणालाच माहीत नव्हतं. मग त्यांच्या किचनच्या काट्यावर आम्ही मूठ तोलून बघितली, वहिनींची भरली ४५ ग्रॅम, माझी ७० च्या वर. म्हणजे एकच सल्ला दोन घरांत दीडपट फरकाने पाण्यात पडणार, आणि टाकी एकाची २० लिटरची तर दुसऱ्याची १०० लिटरची असली तर मग विचारूच नका.

म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय, नुकतेच मासे पाळायला लागलेल्यांसाठी. मीठ हे माशांचं औषध आहे, स्वस्त आहे, घरात आहे, आणि बरोबर वापरलं तर खरंच जीव वाचवतं. पण औषध म्हटलं की डोस किती, किती दिवस आणि बंद कधी, हे तिन्ही ठरलेलं पाहिजे.

मीठ नेमकं करतं काय

घरात मनुके भिजत घालतो ना आपण, द्राक्षाच्या जिल्ह्यात राहून हे कोणाला सांगायला नको, रात्री सुकलेला मनुका सकाळी टम्म फुगलेला असतो. गोड्या पाण्यातला मासा कायम त्या मनुक्याच्या जागी असतो. त्याच्या अंगात क्षार जास्त, बाहेरच्या पाण्यात कमी, त्यामुळे पाणी कल्ल्यांमधून सतत आत शिरत राहतं आणि मासा ते दिवसभर मूत्रावाटे बाहेर टाकत राहतो, शिवाय निसटून जाणारे क्षार कल्ल्यांतून परत ओढून घेतो. निरोगी माशाला हे जमतं. आजारी, जखमी, किंवा दुकानातून पिशवीत हेलपाटून आलेल्या माशाला हेच काम जड जातं. पाण्यात थोडं मीठ असलं की आतबाहेरचा फरक कमी होतो आणि त्याची शक्ती वाचते.

दुसरं काम उलट्या बाजूचं. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ घातलं की पाणी सुटतं, तसं माशांवरचे बारीक परजीवी आणि बुरशी यांच्या अंगातलं पाणी मीठ ओढून काढतं. मासा मोठा, त्याला कल्ले आहेत मूत्रपिंड आहे, तो तेवढं मीठ सोसतो, ते एवढेसे जीव सोसू शकत नाहीत. या दोघांच्या सोसण्यातला जो फरक आहे त्याच्यावरच मिठाचा सगळा उपचार उभा आहे. म्हणूनच मापाला इतकं महत्त्व, कमी पडलं तर परजीवी तगतो आणि जास्त झालं तर मासाच जातो.

पहिली पायरी: लिटर

काचेच्या आतून सेंटीमीटरमध्ये लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची मोजा (काचेची उंची नाही, पाणी जिथपर्यंत आहे तिथपर्यंत), तिन्हींचा गुणाकार करा आणि १००० ने भागा. दोन फुटी टाकीत ६० गुणिले ३० गुणिले २७ धरलं तर ४८६००, म्हणजे साधारण ४८ लिटर. त्यातून खडी, दगड, ते मडकं-बिडकं यांचे तीन-चार लिटर वजा, राहिले ४५ च्या आसपास. खाली सगळी उदाहरणं याच ४५ लिटरवर देतोय, तुमचा आकडा तुम्ही घाला.

हिशोब नको वाटत असेल तर पुढच्या वेळी टाकी पूर्ण धुवून भरताना बादल्या मोजा, पण बादली किती लिटरची आहे ते बाटलीने एकदा मोजून घ्या, कारण २० ची म्हणून घेतलेली बादली काठोकाठ भरून कोणी उचलत नाही, प्रत्यक्षात आपण १६-१७ च ओततो. आकडा कळला की मास्किंग टेपवर लिहून टाकीच्या मागच्या काचेला चिकटवा. पुढे औषध कुठलंही वापरा, हा आकडा लागणारच.

दुसरी पायरी: कुठलं मीठ

साधं जाडं मीठ, किराणा दुकानातलं खडे मीठ, एकदम चालतं. आयोडीनवाल्या मिठाने मासे मरतात असं अजूनही बरेच जण सांगतात, पण आपल्याकडे पाकिटातल्या मिठात आयोडीन असतं ते कारखान्यातून निघताना दहा लाख भागांत ३० भाग एवढंच, आणि ते मीठ टाकीत लिटरला दोन-तीन ग्रॅम पडणार, म्हणजे पाण्यात ते नावालाच उरतं. बारीक मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून जे घालतात तेही या प्रमाणात माशांना काही करत नाही. त्यामुळे रात्री अकराला मासा आजारी दिसला आणि घरात फक्त बारीक टेबल सॉल्ट आहे, तर बिनधास्त ते वापरा, सकाळपर्यंत थांबायची गरज नाही.

पादेलोण म्हणजे काळं मीठ अजिबात नको, त्याला जो वास येतो तो गंधकाचा आणि ते पाण्यात नको. सैंधवाने बिघडत नाही पण महाग पडतं आणि फायदा काही जास्त नाही. समुद्री माशांच्या टाकीसाठी जे मरीन सॉल्ट मिळतं ते वेगळं, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम सगळं असतं, पाण्याचा जडपणा आणि पीएच वर जातो, ते या कामाला घेऊ नका. आणि मेडिकलमध्ये मिळतं ते एप्सम सॉल्ट हे आपलं मीठच नव्हे, ते मॅग्नेशियम सल्फेट, माशाचं पोट फुगलं, शौचाला होत नसेल अशा वेळी वापरतात. नावात सॉल्ट आहे म्हणून एकाच्या जागी दुसरं टाकलं असं झालेलं मी पाहिलंय.

दुकानात रंगीत पाकिटात ॲक्वेरियम सॉल्ट मिळतं, ते बहुतेक वेळा हेच मीठ असतं. पाकिटावर घटक वाचा, सोडियम क्लोराइडशिवाय काही नसेल तर किराण्यातलं आणि ते सारखंच.

तिसरी पायरी: टाकीत राहतं कोण

ही पायरी लोक सर्रास वगळतात आणि मग नुकसान होतं. मोली, गप्पी, प्लॅटी, स्वोर्डटेल, गोल्डफिश, कोई ही मंडळी मिठाला दणकट, लिटरला ३ ग्रॅमपर्यंत आरामात घेतात. फायटर आणि एंजल औषधापुरतं, थोडे दिवस, २ ग्रॅमपर्यंत घेतात. निऑन आणि बाकीचे टेट्रा, कोरी, लोच, सकर, ही नाजूक बाजू, मूळची मऊ म्हणजे कमी क्षारांच्या पाण्याची, यांच्या टाकीत मी लिटरला १ ग्रॅमच्या वर जात नाही आणि तेही हळूहळू. श्रिंप आणि गोगलगाय असेल तर त्यांना आधी वेगळ्या डब्यात काढा.

झाडांचं पण तसंच. कॅबोम्बासारखी नाजूक पानांची झाडं दोन-तीन ग्रॅमला काही दिवसांत गळायला लागतात, जावा फर्न तग धरतो. झाडांची टाकी जीव लावून सजवलेली असेल तर मासा बाहेर टबमध्ये काढूनच उपचार करा, फक्त व्हाईट स्पॉटला हे चालत नाही, का ते पुढे सांगतो.

आणि फिल्टरमध्ये झिओलाइटचे पांढरे खडे असतील तर मीठ टाकायच्या आधी काढून घ्या. झिओलाइट अमोनिया, म्हणजे माशांच्या घाणीतून पाण्यात येणारं विष, शोषून धरतो, पण पाण्यात मीठ आलं की सोडियम धरतो आणि साठवलेला अमोनिया पाण्यात सोडून देतो. तुम्ही औषध म्हणून मीठ टाकणार आणि त्याच रात्री मासे अमोनियाने तडफडणार, आणि दोष जाणार मिठाला.

चौथी पायरी: तोला, विरघळवा, मग ओता

किचनचा डिजिटल काटा वापरा. काटा नसेल तर बारीक मिठाचा सपाट केलेला एक चहाचा चमचा म्हणजे अंदाजे ५ ते ६ ग्रॅम धरा, पण खडे मिठाला हे माप लागू नाही कारण खड्यांमध्ये हवा राहते.

मी करतो ते असं. टाकीतलंच दोन लिटर पाणी एका मगात काढतो, त्यात तोललेलं मीठ टाकून स्वच्छ लाकडी पळीने ढवळत बसतो, खडे मीठ असेल तर तीन-चार मिनिटं लागतात, सुरुवातीला पाणी गढूळ दिसतं आणि तळाशी करकर आवाज येतो, तो आवाज पूर्ण थांबला पाहिजे. खडे मिठात कधी कधी काळपट कचरा खाली बसतो, तो मगातच राहू द्यायचा, वरचं निवळलेलं पाणी घ्यायचं. मग ते फिल्टरच्या धारेजवळ बारीक धारेने, पाच मिनिटं लावून ओतायचं. खडा थेट टाकीत टाकला की तो तळाला जिथे पडतो तिथे एकदम तीव्र खारं पाणी होतं, आणि सकर, कोरी, लोच हे नेमके तळाला पोट टेकून राहणारे आणि मिठाला सगळ्यात कच्चे. त्या दिवशी वहिनींच्या सकरच्या पोटावर लालसर चट्टा उठला होता, तो त्यामुळेच.

एकदम सगळा डोस नाही द्यायचा. तीन भाग करा, बारा-बारा तासांनी. ४५ लिटरला २ ग्रॅमने ९० ग्रॅम होतात, तर ३० आज सकाळी, ३० रात्री, ३० उद्या सकाळी. प्रत्येक भागानंतर अर्धा तास टाकीसमोर बसा. मासे सैरावैरा पळायला लागले, आडवे व्हायला लागले, कल्ले फार जोरात हलायला लागले, तर लगेच एक-दोन बादल्या पाणी बदला, मीठ तिथेच थांबवा.

घरी आरओचं पाणी तपासायचं टीडीएस पेन (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) असेल तर फार कामाचं आहे. मीठ टाकायच्या आधीचं रीडिंग वहीत लिहा. लिटरला १ ग्रॅम मिठाने रीडिंग साधारण हजाराच्या आसपास वाढतं. आपला हिशोब चुकला असेल तर इथे लगेच कळतं, आणि शेवटी मीठ काढताना किती उरलंय तेही यावरच बघता येतं.

व्हाईट स्पॉट: नाशिकच्या थंडीतला नेहमीचा आजार

आपल्याकडे दिवाळीनंतर रात्रीचं तापमान झपाट्याने उतरतं, दुपारी ऊन आणि पहाटे दहाच्या खाली असं व्हायला लागतं, आणि हीटर नसलेल्या छोट्या टाकीचं पाणी त्याबरोबर वरखाली होतं. माझ्या हॉलमधल्या टाकीचं पाणी हीटर बंद असला तर जानेवारीत १९ ला येतं. माशाची प्रतिकारशक्ती पडते आणि व्हाईट स्पॉट, ज्याला इक् म्हणतात, तो वर येतो.

जो पांढरा दाणा दिसतो त्याच्यात परजीवी माशाच्या कातडीखाली बसलेला असतो, तिथे त्याला मीठ लागतच नाही. तो खाऊन मोठा होतो, गळून खाली पडतो, खडीत चिकटून त्याचे शेकडो भाग होतात, आणि ती पिल्लं पोहत नवा मासा शोधायला निघतात. मीठ मारतं ते या पोहणाऱ्या पिल्लांना. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांत दाणे कमी न होता वाढलेले दिसले तरी घाबरून डोस दुप्पट करू नका. आणि म्हणूनच मासा बाहेर काढून भागत नाही, आजार खडीत बसलाय, उपचार अख्ख्या टाकीला करायचा.

पाणी कोमट केलं की हे चक्र पटापट फिरतं. २५ च्या आसपास ते आठवड्याच्या आत पूर्ण होतं, थंड पाण्यात कित्येक आठवडे रेंगाळतं, आणि ३० ला बहुतेक वेळा पुढची पिढीच धड तयार होत नाही. तेव्हा हीटर लावा, ४५ लिटरला आपल्या थंडीत १०० वॅटचा घ्या, आणि तापमान दिवसाला दोन-तीन अंशांनी चढवत न्या. मोली, टेट्रा वगैरेंना २९-३० पर्यंत, गोल्डफिशला २६ पुरे, तो थंड पाण्याचा मासा आहे. कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, त्यामुळे एअर पंप रात्रंदिवस चालू, आणि लाइट जाते तिथे बॅटरीचा छोटा पंप घेऊन ठेवलेला बरा. टाकीत हात घालायच्या आधी हीटरचा प्लग काढायचा, आणि पाणी उपसताना हीटर उघडा पडू द्यायचा नाही, गरम काच तडकते.

डोस: दणकट मासे असतील तर लिटरला २ ग्रॅम, दीड दिवसात पोचा, गरज वाटली तर तिसऱ्या दिवशी ३ ग्रॅम म्हणजे ४५ लिटरला एकूण १३५. नाजूक मासे असतील तर १ ग्रॅम आणि भर तापमानावर द्या. एक दिवसाआड खडीतली घाण सायफनने, म्हणजे नळीने पाण्याबरोबर, ओढून काढा, गळून पडलेले परजीवी तिथेच असतात. जेवढं पाणी काढलं तेवढ्याच्याच मिठाची भर नव्या पाण्यात, १० लिटर काढलं आणि डोस २ ग्रॅमचा चाललाय तर २० ग्रॅम, जास्त नाही. हे सगळं १० ते १४ दिवस. शेवटचा दाणा गेल्यावर लगेच थांबू नका, पुढे चार-पाच दिवस तसंच चालू ठेवा, कारण दाणा गेला तेव्हा पिल्लं खडीत असतात. बरेच जण इथेच घाई करतात आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

वहिनींच्या टाकीत निऑन आणि सकर होते म्हणून आम्ही तळाचे खडे सायफनने काढले, अर्धं पाणी बदललं, आणि मग मोजून १ ग्रॅम, हीटरने चार दिवसांत ३० वर. बारा दिवस लागले. एक निऑन गेला, बाकी सगळे वाचले, सकरचा चट्टा महिन्याभराने गेला. मुलगा रोज शाळेतून आल्यावर वहीत दाणे मोजून लिहायचा, एकतीस, चाळीस, छत्तीस, एकोणीस, आणि मग एक दिवस शून्य लिहून वही घेऊन खाली मला दाखवायला आला.

नवीन टाकीतलं नायट्राइट

हा वापर फार कमी जणांना माहितीये आणि नव्या लोकांना सगळ्यात जास्त लागतो. टाकी नवीन मांडली, मासे सोडले, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मासे वर येऊन तोंड उघडझाप करताहेत, कल्ले तपकिरी दिसताहेत, पंप तर चालू आहे. हे बहुतेक वेळा नायट्राइट असतं. फिल्टरमधले जीवाणू अजून पुरते बसलेले नसतात, अमोनियाचं नायट्राइट होतं पण पुढे नायट्रेट व्हायला वेळ लागतो. नायट्राइट रक्तात शिरलं की रक्त ऑक्सिजन वाहू शकत नाही, पाण्यात ऑक्सिजन असून मासा गुदमरतो.

नायट्राइट कल्ल्यांच्या ज्या दारातून आत येतं त्याच दारातून क्लोराइडही येतं, आणि मिठात वजनाने ६० टक्के क्लोराइडच आहे. सिटीलिंकच्या बसच्या दारात आधीच दहा जण चढायला उभे असले की अकराव्याला लवकर शिरता येत नाही, तसं क्लोराइडची गर्दी असली की नायट्राइट मागे राहतं. याला डोस अगदी चिमूटभर लागतो, लिटरला ०.१५ ग्रॅम, ४५ लिटरला जेमतेम ७ ग्रॅम. एवढ्याने निऑनला पण काही होत नाही, झाडांनाही नाही. पण नायट्राइट यामुळे पाण्यातून जात नाही हे लक्षात ठेवा, फक्त माशात शिरणं कमी होतं. रोज थोडं पाणी बदलणं, खाणं निम्म्यावर आणणं हे करायचंच. आणि अमोनियाचे हाल मात्र मिठाने कमी होत नाहीत, तिथे पाणी बदलणं हाच उपाय.

बुरशी, फाटलेले पर, आणि बुडवून काढणं

माशाच्या जखमेवर कापसासारखं पांढरं लोंबायला लागलं तर ती बुरशी, तिला १ ते २ ग्रॅम, आठ-दहा दिवस. पर कुरतडल्यासारखे झालेत तर आधी पाणी तपासा, कारण दहातल्या नऊ वेळा घाण पाण्यामुळे सुरुवात होते, मीठ तिथे नुसता आधार. एक सावध करतो, तोंडाभोवती पांढरा कापूस दिसला आणि एका-दोन दिवसांत पसरला तर तो बुरशीसारखा दिसणारा जीवाणूंचा आजार असू शकतो, तिथे तापमान वाढवायचं नाही, वाढवलं की तो जोरात पसरतो. त्याला औषध वेगळं लागतं.

थोड्या वेळासाठी तीव्र मिठात बुडवायचं असेल, जसं नवीन आणलेल्या गोल्डफिशवर बारीक किडे दिसले, तर पाच लिटर टाकीचंच पाणी, ५० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवून, बादलीत एअर स्टोन (पंपाच्या नळीला लावायचा बुडबुड्यांचा दगड), आणि मासा त्यात पाच ते दहा मिनिटं. बाजूला साध्या पाण्याची बादली तयार. फोन बाजूला ठेवून बादलीसमोर बसायचं, मासा कलला की त्याच क्षणी जाळीने उचलून साध्या पाण्यात. हे फक्त गोल्डफिश, कोई, मोली, गप्पींसाठी, टेट्रा, कोरी, लोचला कधीच नाही.

नवीन मासे आणले की दोन आठवडे वेगळ्या २० लिटरच्या टबमध्ये ठेवायची सवय लावली तर यातलं निम्मं करावंच लागत नाही. त्या टबात दणकट माशांना लिटरला १ ग्रॅम मी ठेवतो, प्रवासाचा ताण उतरतो.

मीठ बाहेर कसं काढायचं

मीठ उडत नाही. पाणी उडतं, मीठ टाकीतच राहतं. नाशिकला एप्रिल-मेमध्ये उघड्या टाकीचं पाणी आठवड्यात बोटभर सहज उतरतं, आणि ते भरताना लोक परत अंदाजाने मीठ टाकतात, असं दोन महिने केलं की टाकीत किती मीठ आहे ते कोणालाच सांगता येत नाही. उतरलेलं पाणी भरायचं ते साध्या पाण्याने.

मीठ कमी होतं फक्त पाणी बदलल्याने. दर वेळी चौथा हिस्सा बदलला तर ९० ग्रॅमचे ६८, मग ५१, मग ३८, मग २८ होतात, म्हणजे चार बदलांनंतरही तिसरा हिस्सा शिल्लक. दोन-तीन दिवसांच्या अंतराने असे बदल करत राहा, घाई नको, खाऱ्यातून एकदम साध्या पाण्यात नेणं पण माशाला झटका असतो. टीडीएस आधीच्या रीडिंगच्या जवळ आला की झालं.

हे काढलेलं खारं पाणी कुंडीत ओतू नका. टाकीचं साधं पाणी झाडांना उत्तम खत आहे, मी स्वतः सगळं गच्चीवरच्या कुंड्यांना घालतो, पण मिठाचं पाणी घातलं तर कढीपत्त्याची पानं कडेने जळतात. मोरीत सोडा.

जे मीठ करत नाही

नळाच्या पाण्यातला क्लोरीन मिठाने जात नाही. गंगापूर धरणाचं पाणी महापालिका क्लोरीन घालून सोडते, त्याला अँटीक्लोरीनचे थेंब किंवा बादलीत एअर स्टोन लावून एक दिवस ठेवणं. क्लोरीन आणि मिठातलं क्लोराइड नावाने जवळचे वाटतात पण एक मासा मारतं आणि दुसरं त्याच्या रक्तातच असतं.

बोअरचं पाणी खारं आहे मग मीठ कशाला, असं पाथर्डी फाट्याकडच्या एकांनी विचारलं होतं. आपल्या काळ्या बेसॉल्ट खडकातून येणारं बोअरचं पाणी जड असतं, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, ज्याने नळावर पांढरे थर बसतात. आपण औषध म्हणून टाकतो ते सोडियम क्लोराइड, दोन्हीचं काम वेगळं, एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही. त्याच कारणाने आरओच्या पाण्यात मीठ घालून ते माशांच्या लायकीचं होत नाही, त्यात कॅल्शियम येतच नाही.

पोटातले जंत, फुगून खवले उभे राहणं, यातलं काही टाकीतल्या मिठाने बरं होत नाही. आणि दर पाणी बदलाला थोडं मीठ टाकत राहायची जी पद्धत आहे ती मला पटत नाही. सतत थोड्या मिठात राहिले की ते सोसणारे परजीवीच मागे उरतात, मग खरी गरज पडते तेव्हा तोच डोस कमी पडतो.

आणि मासे आवरेनासे झाले, किंवा उपचार करून कंटाळा आला, तर ते रामकुंडाकडे किंवा गंगापूरच्या पाण्यात सोडून देऊ नका. सकर आपल्या नद्यांमधला नाहीच, तो बाहेरचा, एकदा रुजला की तिथल्या माशांचं खाणं आणि अंडी दोन्ही संपवतो, आणि आजारी मासा आपल्याबरोबर आजारही नदीत नेतो. दुकानात परत द्या, कोणी पाळणारा असेल त्याला द्या, वहिनींचा सकर मोठा झाल्यावर आता माझ्या चार फुटी टाकीत आहे, मागच्या काचेवर १९० लिटर लिहिलेलं आहे तिथेच चिकटलेला असतो.